रेघा दिसून राहिल्या काय?

एकोणतीस वर्षं मी लोकांच्या बोटांत सुया टोचल्या आणि वर त्याचा पगार घेतला. भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. हे भारदस्त नाव फक्त सरकारी कागदावर. बाहेर मी 'रक्तवाली बाई'. बाजारात भाजी घ्यायला गेले की लेकरं मुठी आवळून हात पाठीमागे न्यायची आणि त्यांच्या आया खूश व्हायच्या. "जेवत नाहीस काय? थांब, रक्तवाली बाईले बलावते!" या एका धमकीवर आमच्या भागातल्या दोन पिढ्या वरणभात जेवल्या आहेत, आणि त्याबद्दल मला कोणी साधा नारळ दिलेला नाही.

संपादक म्हणाले, "बाई, मोठ्या दुखण्याच्या लेकरांबद्दल लिहा, पण दिवाळीचा अंक आहे, वाचकाला रडवू नका." मी म्हटलं, रडवायचं काम मी रिटायर झाले त्या दिवशी सोडलं, तेही फक्त बोटापुरतं होतं. तेव्हा एकच गोष्ट सांगते. माझ्या हातून झालेल्या सगळ्यात मोठ्या चुकीची आहे आणि मला ती फार आवडते.

आधी थोडा धंदा समजावून सांगावा लागेल, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, शिरांतून घरंगळत जातात. सिकलसेल असलेल्याच्या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात. धान कापणाऱ्या माणसाला विळा समजावून सांगावा लागत नाही, तेवढी सोय आमच्याकडे होती. हे विळे बारीक शिरांत अडकतात आणि जिथे अडकतील तिथे असं दुखतं की मोठा माणूस भिंतीवर डोकं आपटतो, मग लेकराचं काय विचारता. हा रोग कोणाला शिवून लागत नाही, मायबापाकडून येतो. मुळातून घालवणं आमच्या हातात नव्हतं. रोज गोळ्या, भरपूर पाणी, थंडीवाऱ्यापासून जपणं, ताप आला की लगेच दवाखाना, रक्त फारच उतरलं तर रक्त चढवणं. हे न कंटाळता केलं तर लेकरू मोठं होतं. टाळाटाळ केली तर एखाद्या तापातच हातचं जातं.

पहिली तपासणी अगदी साधी. काचेच्या बारक्या नळीत औषधाचं पाणी घ्यायचं, त्यात बोटाचं रक्त सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. आरपार रेघा दिसल्या तर रक्त साफ. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल आहे. मग नमुना पक्क्या तपासणीला जिल्ह्याला जातो आणि तिथून कार्डाचा रंग ठरतो. साफ असला तर पांढरं, स्वतः ठणठणीत पण रक्तात सिकल वाहणारा असला तर पिवळं, आणि आजारी असला तर लाल. एका बुढ्याच्या हातात मी पिवळं कार्ड ठेवलं तर त्याने उलटसुलट करून विचारलं, "बाई, याच्यावर तांदूळ किती भेटते?" गरिबीचं रेशनकार्ड पिवळंच असतं, त्याचं तरी काय चुकलं!

पिवळ्याने पिवळ्याशी लग्न केलं की भानगड होते. ती मी चिंचोक्यांवर शिकवायची. फोडलेला चिंचोका एका बाजूने काळा, एका बाजूने पांढरा, आपण पटावर खेळायला घेतो तोच. एक नवऱ्याने फेकायचा, एक बायकोने. दोन्ही काळे पडले की लाल कार्डाचं लेकरू. एक जण मला म्हणाला, "चारात एक म्हणता न? आमचं पहिलंच लाल झालं, म्हंजे आता तीन बिनधास्त!" मी त्याला तिथेच चिंचोके फेकायला लावले. लागोपाठ तीनदा काळे-काळे पडले तेव्हा तो गप उठला आणि चहासुद्धा न घेता गेला. पांढऱ्या कार्डवाल्यासाठी मी एक चिंचोका दोन्हीकडून चुन्याने रंगवून ठेवला होता. त्याला काळी बाजूच नाही, म्हणजे जोडीदार पिवळा असला तरी लाल लेकरू व्हायची भीती नाही. हा चुन्याचा चिंचोका ध्यानात ठेवा.

आता मोनाली. एकोडीची, सात वर्षांची, हडकुळी, डोळ्यांत जरा पिवळट झाक, आणि तोंड असं चालू की एसटीच्या कंडक्टरनेही हात टेकावेत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आमच्याकडे सिकलची लेकरं यायची. मोनी आपल्या आईबरोबर, कौशल्याबाईबरोबर, एसटीने यायची आणि येता येता तिने कंडक्टरची सगळी विद्या उचलली होती. मी मूर्खासारखी तिला बाजारातून एक शिट्टी आणून दिली. हेतू चांगला होता. लेकरांना आपापलं कार्ड आणि त्याचा रंग पाठ व्हावा, म्हणून मी तिला मंगळवारची कंडक्टर केली. मग काय विचारता!

"फुर्रर्र! कार्ड, कार्ड! बिनकार्डवाले खाली उतरा!"

एकदा डॉक्टरांनाच तिने बिनकार्डाचे म्हणून ओपीडीतून खाली उतरवलं आणि ते बिचारे शिट्टी होईस्तोवर पायरीवर उभे राहिले. लाल कार्डवाल्या लेकराला आमच्याकडे रांगेत पहिला नंबर असायचा. त्यामुळे मोनीची पक्की समजूत होती की सगळ्या कार्डांत लाल सगळ्यात मोठं. पिवळ्यावाल्यांकडे ती दयेने पाहायची.

पण दुखणं उठायचं तेव्हा शिट्टी बंद. गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि माझं बोट धरून विचारायची, "बाई, आता कोणता स्टॉप?" मी सांगायची, साकोली गेली, लाखनी आली, आता भंडारा. भंडारा आलं की इंजेक्शनचा गुण यायला लागायचा. कधी कधी भंडारा येऊनही दुखणं उतरायचं नाही. मग मी गाडी पुढे नागपूरपर्यंत न्यायची.

अशाच एका दिवशी कौशल्याबाईने मला दाराआड ओढलं. "बाई, खरं सांगा. हे पोट्टी लग्नाची होईन काय?"

मी म्हटलं, "पाणी पाज तिले. दिवसाचे आठ ग्लास." उत्तर टाळायला पाणी फार उपयोगी पडतं. खरं तर मला उत्तर येत नव्हतं, आणि नाही येत म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मोनीचे लागोपाठ दोन मंगळवार चुकले. आदल्या वर्षी एका घराने असंच एक लेकरू दडवलं होतं. मोठ्याची सोयरीक जमत होती, धाकट्याचं दुखणं कोणाला कळू नये, म्हणून दवाखाना बंद. मी चौकशीला जायला तीन आठवडे लावले. गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. ते अंगण माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. म्हणून या वेळी मी तिसऱ्या मंगळवारची वाट पाहिली नाही. लुनाला लाथ मारली आणि एकोडी गाठली.

मोनीचा बाप सुखदेव अंगणातच होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काहून नाही आणली पोट्टीले? गोळ्या संपल्या असतीन न!"

"हळू बोला न बाई!" त्याने आधी फाटक लावलं. "प्रतिमाचं जमून राहिलं. पोट्टा अड्याळचा आहे, वरठीच्या कारखान्यात जाते. मंडईले पाहुणे येऊन राहिले. मोनीचं निघालं तं सोयरीक मोडली समजा."

प्रतिमा त्याची थोरली मुलगी. तिचं कार्ड पिवळं होतं, मीच दिलेलं. आणि मंडई काय ते बाहेरच्यांना सांगते. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, शिंगाडे, दंडारीचा नाच, घरोघरी पाहुणे. लोक म्हणायला दंडार पाहायला येतात, पण नजर सगळ्यांची उपवर पोरापोरींवर असते. आमच्या भागातली अर्धी लग्नं अशी आलूबोंडा खाता खाता जमलेली आहेत.

"अन् पोट्ट्याचं रक्त तपासलं काय?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं म्हणू त्यायले?"

"आपल्यात पत्रिका पाहत नाहीत, गुण जुळवत नाहीत, चांगली गोष्ट आहे. पण रक्त तं पाहा! तो पिवळा निघाला तं नातवंडांत अजून एक मोनी होईन."

सुखदेव खाली बसला आणि डोक्याला हात लावला. कौशल्याबाई पदर तोंडात धरून दारात उभी. आत मोनी झोपली होती, कपाळ कोमट लागत होतं. मला राग आला, पण रागाने गोळ्या पोटात जात नाहीत. म्हणून आम्ही तिघांनी मिळून एक योजना केली, आणि तिच्यात सगळ्यात मोठी वाटेकरी मी. गोळ्या मी घरी आणून द्यायच्या. मंडईच्या दिवशी मी तिथे सरकारी तपासणीचं टेबल लावायचं आणि सगळ्यांबरोबर नवऱ्या मुलाचंही बोट टोचून घ्यायचं. आणि मी या घरात सारखी काहून येऊन राहिले असं कोणी विचारलंच, तर मी पोरींची आत्या.

"तुम्ही आपल्याच समाजाच्या," सुखदेव म्हणाला. "आत्या म्हणून खपून जाता."

जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं होतं. मी हो म्हटलं. लेकरू दडवायच्या कामात मी सामील झाले, हे माझ्या धंद्याला शोभणारं नव्हतं. तेव्हा वाटलं, पोरगी जगली म्हणजे झालं.

मंडईच्या दिवशी मी जांभळं पातळ नेसले. अठ्ठेचाळीस वर्षांची आत्या, सरकारी नोकरीतली, रुबाब तर हवाच. आता माझ्या चष्म्याची एक दांडी तुटलेली होती आणि तिला दवाखान्याची चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पाहुण्यांपुढे आत्याच्या कानाशी चिकटपट्टी? छे! मी चष्मा आरशाजवळ ठेवला आणि निघाले. लांबचं मला सगळं दिसायचं, लुना चालवायला काही अडत नव्हतं. जवळचं नव्हतं दिसत, पण तेवढ्यात काय बिघडतं, असं वाटलं.

शिंगाडेवाली आणि जिलेबीवाला यांच्या मधोमध शाळेचं टेबल मांडून मी बसले. एक माणूस फिरकेल तर शपथ. जिलेबीला रांग, माझ्याकडे आले की लोक शिंगाडेवालीच्या बाजूने वळसा घालून जायचे. शेवटी मी दंडारीतली राणी पकडली. राणी म्हणजे गावातलाच एक दणकट गडी, हिरवं लुगडं, ओठांना लाली, कानांत डूल. "राणीसाहेब, आधी तुम्ही," म्हणून मी त्याचं बोट धरलं. सुई टोचताच राणी अशा आवाजात बोंबलली की पाळणा थांबला. दोन मिनिटांत माझ्याभोवती ही गर्दी! राणीला बोंबलताना पाहायला आलेले लोक मग स्वतःच हात पुढे करायला लागले, कारण मागे हटावं तर बायका हसत होत्या. त्यांच्या नळ्या मी उन्हात हात लांब करून कशाबशा वाचल्या.

तेवढ्यात सुखदेव पाहुण्यांना घेऊन आला. नवरा मुलगा राहुल, साधा, लाजाळू. त्याचा मामा, जाडजूड, खिशाला दोन पेनं. आणि त्याची आजी, काठी टेकत, सगळ्यांच्या पुढे.

"हे कोण बाई?" आजीने विचारलं.

"माही बहीण. सरकारी नोकरीत आहे."

"सख्खी?"

सुखदेव म्हणाला, "सख्खी." त्याच क्षणी मी म्हणाले, "चुलत."

आजीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पाहुणे बाकावर बसले. प्रतिमा चहा घेऊन आली. राहुलने कप उचलला आणि प्यायचा विसरला. सगळं कसं छान चाललं होतं. मोनीला शेजारणीच्या घरी जिलेबीचा पुडा देऊन बसवलं होतं. पण पावभर जिलेबी त्या पोरीला किती वेळ पुरणार, याचा विचार आमच्या योजनेत कोणी केला नव्हता.

"फुर्रर्र! कार्ड, कार्ड! बिनकार्डवाले खाली उतरा!"

गर्दी चिरत मोनी आली, तोंडाला पाक, हातात शिट्टी, आणि थेट मामांपुढे उभी राहिली. मामांना कौतुक वाटलं. "कोणतं कार्ड पाहिजे बापा तुले? रेशनचं?"

"रेशनचं नाही." तिने फ्रॉकच्या खिशातून आपलं कार्ड काढलं. "हे पाहा, लाल आहे. लालवाल्याले पहिला नंबर राहाते. तुमचं कोणतं आहे?"

मामांनी कार्ड हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "सिकलसेल... रुग्ण." त्यांचा चेहरा पालटला. "सुखदेवजी, कोणाची पोट्टी आहे हे?"

सुखदेवच्या ओठांवर थेंब थेंब घाम. तो म्हणाला, "शेजाऱ्याची."

मोनीच्या हातातून शिट्टी गळून पडली. "बाबा, मी तं तुमची आहो न?"

ती रडत नव्हती. खरोखर विचारत होती, जणू आपलंच कुठे चुकलं असावं. माझ्या हातातली नळी हातातच राहिली. या पोरीच्या गोळ्या चालू राहाव्या म्हणून मी खोटी आत्या झाले, आणि त्या खोट्याने तिला भर मंडईत बापाला पारखं केलं. सुखदेवचा राग आला, त्याहून जास्त माझा आला, आणि अशी लाज वाटली की काय सांगू.

मी उठून उभी राहिले. "मामाजी, पोट्टी सुखदेवजीचीच आहे. लहानी. अन् मी आत्याबित्या कोणी नाही. दवाखान्यातली रक्तवाली बाई आहो."

"थे तं मले सख्खी-चुलतवरच समजलं," आजी म्हणाली.

मामा मात्र उसळले. "फसवून राहिले काय आमाले? आमच्या खानदानात असं खराब रक्त चालत नाही! चाल रे राहुल!"

राहुल हलला नाही. तो प्रतिमाकडे पाहत होता आणि ती हातातल्या ट्रेकडे.

आता मीही पेटले. "खानदानाचं कार्ड कुठं आहे? दाखवा. थोरलीचं पिवळं आहे, हे मी सांगून राहिले, दडवत नाही. तुमच्या पोट्ट्याचं कोणतं?"

"हाव, दाखवा," मोनी म्हणाली. तिने शिट्टी उचलून पुसायला घेतली होती.

"बरोबर बोलून राहिली पोट्टी," आजीने काठी आपटली. "राहुल, दे बोट."

मी टोचलं, थेंब सोडला, नळी हलवली. पाच मिनिटं. दंडारीचे ढोलकीवाले ढोलकी सोडून माझ्या टेबलाशी. राणी पदर खोचून सगळ्यांत पुढे. मामा येरझारा घालत होते. पाचव्या मिनिटाला मी नळी उचलली, मागे रेघांचा कागद धरला, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. एक रेघ दिसेल तर! नुसता तांबडा धूर. सरकारी आवाज काढून मी सांगितलं, "रेघा दिसत नाहीत. पोट्ट्याच्याही रक्तात सिकल आहे."

मामा मागे न पाहता धप्पकन बसले ते शिंगाडेवालीच्या ढिगाऱ्यावर, आणि ओल्या शिंगाड्याला काटे असतात हे आठवून तितक्याच वेगाने उभे राहिले. एरवी सगळी मंडई हसली असती, पण तेव्हा कोणी हसलं नाही. कौशल्याबाईने डोळ्यांना पदर लावला. प्रतिमाने ट्रे खाली ठेवला. मामा एका हाताने मागची बाजू चोळत पुटपुटत होते, "आमच्यातही? आमच्यातही?"

आजीने माझ्या हातातून नळी घेतली, कागद घेतला. "मलेही काई नाही दिसत," तिने जाहीर केलं. झालं! दोन साक्षीदार झाले.

आणि मोनी स्टुलावर चढली.

"मले तं दिसून राहिल्या!" तिने नळीला डोळा लावला. "एक, दोन, तीन, चार... सात रेघा. बाई, तुमचा चिकटपट्टीवाला चष्मा कुठी आहे?"

मी नाकाला हात लावला. नाक मोकळं!

राहुलने पाहिलं, दिसल्या. सुखदेवने पाहिलं, दिसल्या. मामांनी राणीला कोपराने बाजूला सारून पाहिलं आणि ओरडले, "आहेत! रेघा आहेत!" जणू त्यांनीच ओढल्या होत्या. मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि माझ्या डोक्यात रुबाब, दोघींनी मिळून एका चांगल्या पोराला आजारी पाडलं होतं. मी दुसरं बोट टोचून नळी परत लावली, आणि या वेळी वाचायला मोनीलाच बसवलं. सात रेघा. सकाळपासूनच्या सगळ्या नळ्यांचंही मग तसंच, बोटं परत टोचून. राणी परत बोंबलली.

मामांनी घसा खाकरला. आता त्यांचा आवाज परत येत होता. "तरी पण, अशी पोट्टी ज्या घरात..."

"तीन मिनिटं आपलंही रक्त खराब होतं न रे?" आजी म्हणाली. "कोणी मेलं काय त्यानं? मी तं जितीच आहो. बस खाली." मग जरा थांबून, "शिंगाड्यावर नको बसू."

मी पिशवीतून चिंचोके काढले. एक काळा-पांढरा, प्रतिमाचा. एक चुन्याचा, राहुलचा. मामांना म्हटलं, फेका, दोन्ही काळे पाडून दाखवा. मामा जिद्दीचा माणूस, अर्धा तास फेकत होते. मोनी शेजारी बसून दर फेकीला शिट्टी मारत होती. काळे-काळे काही पडलं नाही. शेवटी त्यांनी चुन्याचा चिंचोका चाटून पाहिला, आणि म्हणाले, "चहा आणा."

सोयरीक जमली. पण मला आठवते ती त्यानंतरची गोष्ट. सुखदेव मोनीजवळ गेला. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि मंडईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, ओरडत. "माही आहे! लहानी पोट्टी, माही आहे!" जिलेबीवाल्याला सांगितलं, पाळणेवाल्याला सांगितलं, ज्यांना विचारायचं नव्हतं त्यांनाही सांगितलं. आणि वर बसून ती, "कार्ड, कार्ड! बिनकार्डवाले खाली उतरा!" संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या सगळ्या नळ्या संपल्या. चष्म्याशिवाय तपासणी करणं हा गुन्हा आहे. त्याची कबुली मी आज पहिल्यांदा देते आहे, पेन्शनवाल्यांनी डोळेझाक करावी.

राहुलची पक्की तपासणी जिल्ह्याहून आली, कार्ड पांढरं. पुढच्या दुसऱ्या मंगळवारी मोनी हजर होती आणि सोबत तिचा बाप. फाटक उघडं टाकून आला होता, म्हणाला. त्यानंतर तिचे मंगळवार चुकले नाहीत. दुखणी उठायची, मी गाडी भंडाऱ्याला न्यायची, कधी नागपूरला. एकदा दहावीच्या वर्षी ती इतकी खराब झाली की मी नागपूरच्याही पुढचे स्टॉप मोजले, आणि त्या दिवशी मला वाटलं की आता गाडी परत येत नाही. आली. सगळ्यांच्या गाड्या आल्या नाहीत, हेही सांगते, ती नावं मला पाठ आहेत. पण संपादकांना शब्द दिला आहे.

मी रिटायर झाले त्याला सहा वर्षं झाली. चष्म्याला आता दोन्ही दांड्या आहेत. गेल्या वर्षी मंडईच्या दिवसांत मी ओट्यावर शिंगाडे सोलत बसले होते तर दारात मोटरसायकल थांबली. मागून मोनी उतरली. अजून हडकुळीच, अजून तोंड चालूच, आणि आता तालुक्याच्या एका प्रयोगशाळेत लोकांची बोटं टोचते. पुढे एक गोरामोरा झालेला पोरगा होता. त्यांच्या मागच्या मोटरसायकलवर सुखदेव आणि कौशल्याबाई.

"आत्या, चष्मा लावा," मोनी म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बॅगेतून सुई काढली, नळी काढली.

"मी तपासलं आहे न आधीच," पोरगा म्हणाला. "पांढरं कार्ड आहे माझ्याजवळ."

"आत्यासमोर तपासा लागते. दे बोट."

त्याने दिलं, बोंबलला नाही. पाच मिनिटं आम्ही शिंगाडे खाल्ले. मग मोनीने नळी माझ्या डोळ्यांपुढे धरली, आणि रेघांच्या कागदाऐवजी मागे एक छापील कार्ड धरलं. "वाचा."

मी वाचायला लागले. नळी केवढीशी, एका वेळी एक शब्द दिसायचा, ती कार्ड सरकवायची. तांबड्या पाण्यातून स्वच्छ दिसत होतं. मंगल परिणय. मग मोनालीचं नाव. मग त्या पोराचं. कौशल्याबाई माझ्या खांद्याशी वाकून उभी होती. "झाली न बाई," ती हळूच म्हणाली. "लग्नाची झाली न."

मोनीने कार्ड पार खालच्या ओळीवर सरकवलं, जिथे निमंत्रण देणाऱ्या घरच्यांची नावं असतात. "आता हे वाचा." मी वाचलं. 'आत्या', आणि त्याच्यापुढे माझं नाव. पूर्ण नाव, चुलत नाही, सख्खी नाही, नुसती आत्या.

मी परत वाचायला गेले तर अक्षरं नाहीशी. नुसता तांबडा धूर.

"काय झालं आत्या? दिसून नाही राहिलं काय?"

"नाही वो," मी म्हटलं. "काहीच नाही दिसत."

पोरगा ताडकन उठला, चेहरा पांढराफटक. "म्हंजे? सिकल आहे काय मले?"

"बस न खाली," मोनी म्हणाली आणि आपल्या ओढणीने माझा चष्मा पुसायला लागली. "आमच्या आत्याले ऐन लग्नाच्या वेळीच दिसत नाही."